घंटा कुणाच्या उशाशी?

पत्र:

सिस्टर, नमस्कार. आम्ही औसा तालुक्यातले, किल्लारीच्या अलीकडचं गाव. भूकंपानंतरच्या पुनर्वसनातल्या घरात राहतो. माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणते, ७८ वर्षांचे आहेत. गेल्या आषाढात त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. लातूरला ॲडमिट केलं, जीव वाचला. आता काठी घेऊन, कुणाचा तरी हात धरून चालतात. दिवसा ठीक असतात, मधूनमधून विसरतात. रात्री मात्र कुणाला न उठवता एकटेच उठतात. दोनदा पडले. दिवाळीनंतर पडले तेव्हा कपाळाला तीन टाके घातले. परवा पहाटे दारापाशी पडले. दोन्ही वेळा हे घरी नव्हते, रात्रीची लाईट होती म्हणून मोटार चालू करायला शेतात गेले होते. थोरला मुलगा अकरावीला आहे, तो कानात इअरफोन घालून झोपतो, ढोल वाजला तरी उठत नाही.

परवापासून मी एक युक्ती केली. नाड्याला नाडा जोडून एक टोक मामांच्या पायाला बांधलं, दुसरं माझ्या मनगटाला, आणि त्यांच्या बाजेजवळच अंथरूण टाकलं. ते हलले की मला कळतं. पण रात्रभर डोळा लागत नाही. त्यात शेजारीण म्हणाली, ‘सासऱ्याला दावं लावलं का गं?’ फार लागलं मनाला.

पुण्याचे धाकटे दीर म्हणतात, अंगावर लावायचा सेन्सर येतो, पेशंट उठायला लागला की आपला मोबाईल वाजतो, ऑनलाइन मागवून देतो. मामांना विचारलं तर म्हणाले, ‘मी काय बैल हाय का घुंगरं बांधायला?’ जाऊबाई म्हणतात झोपेची गोळी द्या. मोठे दीर म्हणतात बाजेला कठडा करून घ्या. मी काय करू?

एक सून, तालुका औसा

उत्तर:

ताई,

शेजारणीचं बोलणं सोडून द्या. तिनं एक रात्र त्या बाजेजवळ काढली असती तर नाडा तिनंच आणून दिला असता. बाजारात एक अलार्म मिळतो. त्याची चिमटी पेशंटच्या सदऱ्याला लावायची, दोरीचं दुसरं टोक लोहचुंबकानं एका डबीला चिकटलेलं असतं, पेशंट उठला की चुंबक सुटतो आणि डबी ओरडते. तुम्ही घरच्या घरी तेच केलंत. पण नाडा आज रात्रीपासून सोडा. पायाला बांधलेली दोरी उठणाऱ्या माणसाला तोंडावर पाडते. आणि डाव्या पायाला बांधत असाल तर त्या पायाला फास आवळलेला कदाचित कळणारही नाही.

आता सेन्सरचं. दीर मागवतील त्याआधी त्यांना एकच प्रश्न विचारा: हे यंत्र माणूस उठताना सांगतं की पडल्यावर? मनगटावरची घड्याळं बहुतेक पडल्यावर सांगणारी असतात. जोराचा हिसका बसला आणि मग हालचाल थांबली की माणूस पडला असं ती धरतात आणि फोन लावतात. एकट्या राहणाऱ्याला ती फार उपयोगी. तुमच्या घरात पडल्याचा आवाज तसाही येतोच, तुम्हाला त्याच्या आधीचे काही सेकंद हवेत.

उठताना सांगणारी यंत्रं दोन तऱ्हेची. एक गादीवर, चादरीखाली ठेवायचं पॅड. अंगाचा भार उठला की वाजतं. पण मामा बाजेवर झोपतात. सैल बाजेला मधे झोळ पडतो, माणूस त्या खड्ड्यात गोळा होतो, वर कापसाची गाठाळ गादी असेल तर पॅड दुमडतं. मग नुसत्या कुशीवर वळण्यानं वाजतं, नाहीतर उठून गेले तरी वाजत नाही. पॅड घ्यायचं तर खाली सपाट पलंग किंवा दिवाण लागेल.

दुसरं अंगावर लावायचं, दीर म्हणतात ते. मोबाईल आडवा केला की चित्रही आडवं होतं ना? ते ज्या भागामुळे होतं तसाच चिमुकला भाग यात असतो. अंग आडवं आहे की उभं, एवढंच त्याला कळतं. म्हणून तो लावायचा कुठे याला महत्त्व आहे. स्वतः करून बघा. पलंगावर झोपा, मग पाय खाली सोडून काठावर बसा. झोपलात तेव्हा मांडी आडवी होती, बसलात तरी आडवीच आहे. उभ्या राहाल तेव्हा ती उभी होईल. म्हणजे मांडीवरचं यंत्र बोलेल ते मामा उभे राहायला लागल्यावर. छाती मात्र उठून बसतानाच उभी होते, तिथलं यंत्र आधी बोलतं. अर्धांगाच्या माणसाला उशीवरून उठून काठाशी यायला वेळ लागतो, तो सगळा वेळ तुमच्या पदरात पडतो. छातीवरच्या यंत्राची अडचण अशी की उशाला टेकून पाणी प्यायले तरी ते वाजेल. माझं मत विचाराल तर तुमच्या घरासाठी छातीवरचंच घ्या. वाजलं आणि जाऊन बघितलं तर पाणी पीत होते, हे चालेल.

पट्टा बांधू नका, मामा तो रात्रीतून उपटून फेकतील. त्यांच्या बंडीला आतून, उजव्या बाजूला, यंत्राच्या मापाचा घट्ट खिसा शिवा. सैल खिशात यंत्र कलंडतं आणि काहीबाही सांगतं. उजवी बाजू अशासाठी की डाव्या अंगाला काही टोचलं, घासलं तर त्यांना कदाचित कळणार नाही. कुठेही लावलं तरी रोज अंघोळीच्या वेळी तिथली कातडी लाल झाली का बघा. चार्जिंग दुपारी करा, घरात माणसं जागी असताना. रात्री यंत्र चार्जिंगला आणि मामा दाराला, असं व्हायला नको.

मोबाईल वाजतो म्हणतात, पण कशावर? वायफायवर चालणारं असेल तर लाईट गेली की राउटर बंद आणि यंत्र मुकं. तुमच्याकडे लाईट कधी जाते हे मी सांगायला नको. ब्लूटूथवालं एका खोलीत ठीक, दोन भिंतींपलीकडे भरवसा नाही. इंटरनेट न लागणारं, सोबत वेगळा रिसीव्हर देणारं बघा, तोही बॅटरीवर चालणारा. घेतल्यावर एक तालीम करा. थोरल्याला बाजेवर झोपवा, तुम्ही तुमच्या जागी झोपा, दार जसं रात्री असतं तसंच ठेवा. त्याला म्हणावं, मामा उठतात तसा सावकाश उठ. यंत्र वाजल्यापासून तुमचा हात त्याच्या खांद्यावर पडेपर्यंत मनात आकडे मोजा. तोवर तो उभा राहिलेला असेल तर यंत्र बदलून उपयोग नाही, तुमचं अंथरूण जवळ आणावं लागेल. ही तालीम पैसे परत मिळायच्या मुदतीतच उरका.

आणि आवाज. हे मी मुद्दाम वेगळं लिहिते. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र सरून पहाटेचे चार वाजायचे होते तेव्हा तो भूकंप झाला. तुमचे मामा तेव्हा पंचेचाळिशीच्या आसपास असतील. त्या दिवसांत मी वॉर्डात ड्युटीला होते. पुढे कित्येक महिने औषधांच्या ट्रॉलीची चाकं फरशीवरून गडगडली की त्या भागातले पेशंट ताडकन उठून बसायचे, कुणी सलाईनसकट दाराकडे निघायचं. अशा माणसाच्या उशाशी पहाटे सायरन वाजला तर तो थांबेल की पळेल? बरीच यंत्रं पेशंटजवळच ठणाणा करतात. मामांच्या बाजूचा आवाज पूर्ण बंद करता येत नसेल तर ते यंत्र फुकट मिळालं तरी घेऊ नका. वाजायचं ते तुमच्या उशाशी, आणि तेही थरथरणारं असेल तर उत्तम, लेकरांची झोप मोडणार नाही.

आता थोडं यंत्राच्या विरोधात बोलते. अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलात १६ वॉर्डांवर अभ्यास झाला, २०१२ मध्ये तो छापून आला. काही वॉर्डांत असे अलार्म मुद्दाम जास्त वापरायला लावले, काहींत नेहमीसारखंच चालू ठेवलं. अलार्म वाढले, पडणं काही कमी झालं नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही. निवृत्तीनंतर मी काही दिवस एका खासगी हॉस्पिटलात जात होते. तिथे एका आजीच्या गादीखाली असं पॅड होतं. आजी कूस बदलायच्या, पॅड ओरडायचं. तिसऱ्या रात्री ड्युटीवरच्या पोरीनं स्पीकरवर कापसाचा बोळा ठेवून वर चिकटपट्टी मारली. चौथ्या रात्री आजी बाथरूमच्या दारात खाली बसलेल्या सापडल्या. हाड मोडलं नव्हतं, नशीब. त्या पोरीला दोष द्यावा असं मला आजही वाटत नाही, ती एकटी बावीस पेशंट बघत होती. पण तुम्हीही एकट्याच आहात, ताई. महिन्याभरात तो रिसीव्हर तुम्हीच उशीखाली दाबाल.

म्हणून यंत्राच्या आधी हे शोधा की मामा उठतात कशासाठी. तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. दोन्ही वेळा रात्रीची लाईट होती, मालक शेतात होते. मी ते वाक्य तीनदा वाचलं. गाडी सुरू झाल्याच्या आवाजानं मामांना जाग येत असेल. जन्मभर पहाटे उठून वैरण टाकणारा माणूस, पोरगा शेतात गेला म्हटल्यावर त्याचा पाय बाजेवर ठरत नसेल. की दार उघडं ठेवायचं असतं त्यांना, त्या पहाटेपासून? की साधी लघवी? मला इथे बसून कळणार नाही. त्यांना दिवसा, डोकं ताजं असताना विचारा. ‘मामा, रात्री का उठता’ असं विचारू नका, त्यात झडती घेतल्यासारखं वाटतं. ‘रात्री उठलात की कुठं जायचं असतं?’ असं विचारा.

तोवर एक वही करा. पाच-सात रात्री किती वाजता उठले, कुठे निघाले, लघवी झाली का, मालक घरी होते का, एवढंच लिहा. समजा पावणेदोन आणि चार अशा वेळा निघाल्या, तर दीड वाजता तुम्हीच उठवून नेऊन आणा. एका ठरल्या वेळी उठणं आणि रात्रभर कान टवकारून पडणं, यात तुमच्या झोपेचा किती फरक पडतो बघा. मालकांनी गाडीला किक मारण्याआधी मामांना लघवीला नेऊन आणावं आणि सांगून जावं, ‘मोटार चालू करून येतो, दार लावून घेतलंय.’ याला दहा मिनिटं लागतात, सेन्सर लागत नाही.

वही घेऊन डॉक्टरांकडे जा, सोबत सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का आणि ती संध्याकाळी देता का, हे विचारा. बऱ्याचदा ती सकाळी घेतली की रात्रीच्या दोन फेऱ्या वाचतात, पण वेळ बदलायची ती डॉक्टरांनीच. प्रोस्टेट, साखर, बद्धकोष्ठ, लघवीतला संसर्ग, हेही बघायला लावा. संसर्गानं म्हाताऱ्या माणसाला ताप न येताही एकाएकी भ्रम होतो. आणि बीपी झोपवून पाच मिनिटांनी एकदा, मग उभं केल्यावर एक आणि तीन मिनिटांनी, असं मोजायला सांगा. उपकेंद्रातली सिस्टरही मोजून देईल, मात्र उभं करताना कुणीतरी धरायला हवं. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर उठताना चक्कर येऊ शकते. तसं असेल तर काठावर बसल्यावर मिनिटभर पावलं हलवायची सवय लावा.

झोपेची गोळी नको. जाऊबाईंना सांगा, त्या गोळीनं लघवी थांबत नाही. माणूस उठतो तो उठतोच, फक्त अर्ध्या गुंगीत उठतो. कठडाही नको. गोंधळलेला माणूस कठडा बघून परत झोपत नाही, त्यावरून पाय टाकतो आणि फूटभर जास्त उंचीवरून पडतो.

बाज बदला, हे मात्र लवकर करा. काठावर बसल्यावर दोन्ही पावलं जमिनीला पूर्ण टेकतील आणि गुडघे काटकोनात येतील एवढ्या उंचीचा पलंग हवा. डावी बाजू भिंतीकडे, उतरायचं ते उजव्या, धडधाकट अंगाकडून. त्याच बाजूला हाताशी काठी, कमोड खुर्ची भिंतीला टेकवून, आणि लघवीचं भांडं. खोलीत झिरोचा बल्ब, लाईट जाते म्हणून एक चार्जिंगचा दिवाही. शाहबादी फरशीवर पाणी सांडलेलं झिरोच्या उजेडात दिसत नाही, म्हणून तांब्या पायाशी नको. रात्री धोतराऐवजी लुंगी किंवा पायजमा नेसायला तयार होतात का बघा, सोग्यात पाय अडकून पडलेले मी कितीतरी पाहिलेत. पाणी तोडू नका, दिवसा जास्त पाजा आणि दिवेलागणीनंतर कमी करत आणा.

कमोड खुर्चीसाठी पैशांची अडचण असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेची चौकशी करा. २०२४ मध्ये ती सुरू झाली. ६५ वर्षांवरच्या आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत असलेल्या माणसाला अशा साधनांसाठी ३,००० रुपये एकदाच, थेट खात्यात. अर्जाचं लातूरच्या समाजकल्याण कार्यालयात विचारा.

मामा बैलाचं बोलले ते मला आवडलं. डोकं जाग्यावर आहे त्यांचं. त्यांच्याशी सौदा करा. सेन्सरच्या आधी बिनतारी डोअरबेल आणा, काही शे रुपयांत येते. बटण त्यांच्या उजव्या हाताशी पलंगाला बांधा, बेल तुमच्याजवळ. ‘मामा, तुम्ही मालक, तुम्ही घंटी वाजवायची, नोकर येतील.’ आठवडाभर ते स्वतः वाजवत असतील तर बाकी काही लागणारही नाही. विसरत असतील तर मग बंडीचा खिसा, आणि तो त्यांना दाखवून, कशाला आहे ते सांगून. चोरून लावलेलं यंत्र सापडलं की माणसाचा घरावरचा विश्वास उडतो, मग तो लपून उठायला लागतो.

पुण्याच्या दिरांनी सेन्सर पाठवला तर घ्या, आभार माना. पण बापाची रात्र कुरिअरनं भागली असं त्यांना वाटू देऊ नका. त्यांना दोन गोष्टी मागा. महिन्यातून दोन रात्री स्वतः येऊन त्या बाजेजवळ झोपणं, आणि ज्या आठवड्यात रात्रीची लाईट असते त्या आठवड्यापुरता गावातलाच एखादा माणूस पैसे देऊन ठेवणं. रिसीव्हरही फिरता ठेवा. शनिवारी तो थोरल्याच्या उशाशी. इअरफोनचं काय करायचं ते त्याचं तो बघेल, अकरावीतलं पोरगं आहे, थरथरणारा रिसीव्हर दंडाला बांधला की उठतं.

एवढं करूनही पडलेच तर हाताला धरून ओढून उठवू नका, डावा हात तर मुळीच नाही, खांदा निसटतो. पडल्या जागी उशी द्या, कुठे दुखतं विचारा, दोन्ही पाय शेजारी-शेजारी बघा. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर हलवू नका, १०८ ला फोन करा. अर्धांगानंतर बहुतेकांना रक्त पातळ राहायची गोळी चालू असते, मामांना आहे का ते आजच पाकिटावर किंवा मेडिकलवाल्याकडून बघून घ्या. असेल आणि डोक्याला मार लागला असेल तर टेंगूळ लहान असलं, बोलत-चालत असले, तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा. परवा दारापाशी पडले तेव्हा डोकं आपटलं होतं का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. आपटलं असेल, किंवा तेव्हापासून जास्त झोपाळू, जास्त गोंधळलेले वाटत असतील, तर हे पत्र बाजूला ठेवा आणि आधी लातूरला न्या.

नाहीतर वही सुरू करा. पाच रात्री झाल्या की मला पाठवा, आणि प्रत्येक रात्रीपुढे लाईट दिवसाची होती की रात्रीची, तेवढं लिहायला विसरू नका.